मराठवाड्यातील सार्वजनिक बससेवा : १९३२ पासूनची वाटचाल

मराठवाड्यातील सरकारी बससेवा एस.टी.पेक्षा सोळा वर्षांनी जुनी आहे. जून १९३२ मध्ये हैदराबाद संस्थानाने आपल्या रेल्वेच्या छत्राखाली रस्ते वाहतुकीचा विभाग उघडला. ‘निजाम स्टेट रेल अँड रोड ट्रान्सपोर्ट डिपार्टमेंट’ या लांबलचक नावाच्या विभागाकडे आरंभी २७ गाड्या आणि १६६ कर्मचारी होते. मुंबई राज्याची पहिली एस.टी. पुण्याहून अहमदनगरला निघाली ती १ जून १९४८ रोजी. हा दिवस एस.टी.चा वर्धापनदिन म्हणून महाराष्ट्रभर साजरा होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण मराठवाड्याच्या खात्यावर त्याआधीची सोळा वर्षे जमा आहेत. एस.टी.च्या इतिहासात त्यांना बहुधा एखाद्या ओळीपलीकडे जागा मिळत नाही.

ठरलेल्या वाटेने, ठरलेल्या वेळी, भाडे देईल त्या कोणालाही नेणारे मोठे वाहन ही कल्पना १९३२ मध्ये शंभर वर्षांहून जुनी झाली होती. फ्रान्समधील नांत शहरात १८२६ मध्ये स्तानिस्लास बोद्री यांनी घोड्यांची अशी गाडी चालवली. १८२९ मध्ये जॉर्ज शिलिबीअर यांनी ती लंडनच्या रस्त्यावर आणली. मुंबईत पहिली मोटारबस १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट या मार्गावर धावली. पहिल्या महायुद्धानंतर मोटारी स्वस्त झाल्या, तसे देशभर खासगी बसवाले रेल्वेचे जवळचे प्रवासी पळवू लागले आणि रेल्वे कंपन्या सरकारकडे तक्रारी नेऊ लागल्या. हैदराबाद संस्थानाने १९३० मध्ये आपली रेल्वे कंपनीकडून विकत घेतली होती, म्हणजे रेल्वेचा तोटा आता सरळ खजिन्याचा तोटा होता. त्यावर संस्थानाने काढलेला उपाय सरळ होता : रूळ आणि रस्ता दोन्ही एकाच हाती ठेवायचे. जिथे रूळ नाही तिथे बस न्यायची, आणि दोघांत चढाओढ होऊ द्यायची नाही. भारतात रस्त्यावरील प्रवासी वाहतूक सरकारने हाती घेण्याचा हा पहिल्या प्रयत्नांपैकी एक मानला जातो.

हा निर्णय मराठवाड्याला किती मोलाचा ठरला, ते नकाशा पाहिला की कळते. सिकंदराबादहून मनमाडला जाणारी मीटर गेज लाइन विसाव्या शतकाच्या तोंडावर सुरू झाली. नांदेड, परभणी, जालना आणि औरंगाबाद ही गावे तिने जोडली. त्या एका रेघेच्या दोन्ही बाजूंचा मुलूख मात्र कोरडाच राहिला. पैठण, सिल्लोड, कन्नड, अंबड आणि गेवराई येथे रेल्वे नव्हती. बीड शहरात रेल्वेगाडी येण्यासाठी २०२५ साल उजाडावे लागले. या मुलखात लांबचा प्रवास म्हणजे बैलगाडी, टांगा, घोडे किंवा पायपीट. औरंगाबाद शहरातही रेल्वे स्टेशन वस्तीपासून दूर पडले होते. गुलमंडी, शहागंज, सराफा हा बाजार तटबंदीच्या आत आणि स्टेशन तीन-चार किलोमीटर बाहेर, त्यामुळे रेल्वेने आलेला माणूस टांग्यातूनच पेठेत पोहोचत असे.

दुसरी अडचण राजकीय होती. नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर कायगाव टोक्याजवळ गोदावरी लागते. नदीच्या पलीकडे ब्रिटिश मुंबई इलाखा, अलीकडे निजामाचे राज्य. पलीकडे कलदार रुपया चाले, अलीकडे हाली सिक्का. भाषा एक, देव एक, सोयरिकीही दोन्ही तीरांवर. पण सरकारे निराळी असल्याने रस्ते आणि गाड्या आपापल्या राजधानीकडे तोंड करून होते. औरंगाबादची वाट हैदराबादकडे जात होती, पुण्याकडे नव्हे. पुढे जी बससेवा घडली, तिने एक मोठे काम केले ते हे तोंड वळवण्याचे.

१७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. निजामाची रेल्वे केंद्र सरकारकडे गेली आणि १९५१ मध्ये बसविभाग तिच्यापासून सुटून हैदराबाद राज्याच्या ताब्यात आला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचनेत मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई या द्वैभाषिक राज्यात आले, तेव्हा त्यांच्या वाट्याच्या गाड्या, आगारे आणि माणसेही आली. त्या वेळी मुंबई राज्यात सरकारी बसचे तीन संसार नांदत होते. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, खानदेश आणि गुजरातेत १९५० च्या कायद्याखालील महामंडळ, विदर्भात नागपूरची ‘प्रोव्हिन्शियल ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस’ आणि इकडे ‘स्टेट ट्रान्सपोर्ट मराठवाडा’. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, गुजरातचे महामंडळ वेगळे झाले आणि १९६१ मध्ये विदर्भ व मराठवाड्याच्या सेवा महाराष्ट्र राज्य मार्ग परिवहन महामंडळात विलीन करण्यात आल्या. ‘एस.टी.’ ही दोन अक्षरे त्यानंतर सावंतवाडीपासून किनवटपर्यंत एकाच संस्थेची ओळख झाली.

विलीनीकरणानंतरची वीस-पंचवीस वर्षे हा या सेवेचा सर्वांत मोठ्या विस्ताराचा काळ. ‘गाव तिथे रस्ता, रस्ता तिथे एस.टी.’ ही घोषणा महाराष्ट्राने भिंतींवर वाचली आणि मराठवाड्याने ती प्रत्यक्ष घडताना पाहिली. औरंगाबाद विभागात शहरातील दोन आगारांखेरीज पैठण, सिल्लोड, कन्नड, वैजापूर, गंगापूर आणि सोयगाव येथे आगारे उभी राहिली. जालना, बीड, परभणी, नांदेड, लातूर आणि उस्मानाबाद हे विभाग आपापल्या जागी उभे राहिले. औरंगाबाद शहरातील मध्यवर्ती बसस्थानक सिद्धार्थ उद्यानाशेजारी आले. तेथून कन्नडच्या घाटातून चाळीसगावला, चौक्याच्या घाटातून सिल्लोड-अजिंठ्याकडे, पैठणला, जालन्याला आणि नगरमार्गे पुण्याला गाड्या सुटू लागल्या. वेरूळ सुमारे ३० किलोमीटरवर, अजिंठा शंभरावर. जगप्रसिद्ध लेण्यांपर्यंत साध्या माणसाला नेणारे वाहन बराच काळ ही लाल गाडीच होती.

एस.टी.चे काम कसे चालते हे ज्याने फलाटावरून पाहिले आहे, त्याला त्यामागची बांधणी सहसा दिसत नाही. प्रत्येक आगाराकडे ठरावीक गाड्या असतात आणि प्रत्येक गाडीला दिवसभराच्या फेऱ्या नेमून दिलेल्या असतात. भाडे टप्प्यांवर चालते आणि एक टप्पा सहा किलोमीटरचा धरतात. वाहक फेरीच्या आरंभी तिकिटे मोजून घेई, वे-बिलात टप्प्याटप्प्याची नोंद करी आणि परतल्यावर आगारात पै न पै जमा करी. तिकिटांचा पत्र्याचा ट्रे आणि पंचचा टक-टक आवाज मशीन येईपर्यंत या हिशेबाची साधने होती. गाडी परतली की तिचे पाणी, तेल, ब्रेक आणि टायर तपासले जातात. जुन्या टायरवर नवा थर चढवून तो पुन्हा वापरण्याची व्यवस्थाही महामंडळाची स्वतःची आहे. इंधनावर आणि टायरवर वाचलेला प्रत्येक रुपया एखादी दूरची फेरी टिकवतो, म्हणून आगारातली काटकसर ही प्रवाशाच्याच कामाची गोष्ट आहे.

या सगळ्या बांधणीत ‘मुक्कामी गाडी’ची कल्पना विशेष गौरवाने सांगण्यासारखी आहे. संध्याकाळी शहरातून निघालेली शेवटची गाडी आडगावी जाऊन थांबते. चालक आणि वाहक रात्र तेथेच काढतात, बहुधा शाळेच्या ओसरीत, देवळात किंवा ग्रामपंचायतीच्या खोलीत, आणि पहाटे तीच गाडी गावकऱ्यांना घेऊन तालुक्याला किंवा शहराला येते. एका गाडीने आणि दोन माणसांनी गावाचे रात्री घरी येणे आणि सकाळी कामाला जाणे दोन्ही साधते. बाजाराला निघालेला शेतकरी, कॉलेजची मुले, शहरातील घाटी रुग्णालयात दाखवायला आणलेला रोगी, कोर्टाच्या तारखेला निघालेला पक्षकार अशा सगळ्यांचा दिवस या पहाटेच्या गाडीवर ठरतो. गावाचा रस्ता पावसाळ्यात वाहून गेला आणि गाडी बंद झाली, तर गावाला काय गमवावे लागते, हे त्या दिवसांत कळते.

गाडीतून माणसांबरोबर वस्तूही जात. पहाटेच्या गाड्यांच्या टपावरून आणि मागच्या सीटखालून औरंगाबादची वर्तमानपत्रे तालुक्यांत पोहोचत. टपालाच्या थैल्या जात. शहरात शिकणाऱ्या मुलांचे जेवणाचे डबे गावाहून सकाळच्या गाडीने निघत. कडीच्या डब्याला कापड बांधलेले, वर मुलाचे नाव. मुलगा स्थानकावर येऊन डबा उचलत असे आणि रिकामा डबा संध्याकाळच्या गाडीने परत जात असे. मेसचे पैसे परवडत नसलेल्या घरातील कितीतरी मुले या डब्यांवर शिकली. औरंगपुऱ्यातील सरस्वती भुवन असो, १९५८ मध्ये स्थापन झालेले मराठवाडा विद्यापीठ असो की शहरातली इतर महाविद्यालये, पहिल्या पिढीच्या शिक्षणात कंडक्टर आणि ड्रायव्हर यांचा वाटा आहे. विद्यापीठाच्या इतिहासात तो नोंदवला जात नाही, म्हणून येथे नोंदवणे अगत्याचे वाटते.

गुलमंडीच्या बाजाराशी या सेवेचे नाते याहून जवळचे आहे. पैठण गेट, मछली खडक, रंगार गल्ली, कुंभारवाडा आणि औरंगपुरा यांच्या मध्ये वसलेली ही पेठ शहराच्या गरजेपुरती कधीच नव्हती. तिचे गिऱ्हाईक चार-पाच तालुक्यांतून येते. लग्नसराईत बस्ता बांधायला खेड्यातून दोन्हीकडची मंडळी सकाळच्या गाडीने येत. नवरीचा शालू, मानाच्या साड्या, नवरदेवाचा पोशाख, आहेराचे कपडे अशी दिवसभर खरेदी होई. दुपारी पेठेतच कुठे जेवण, आणि गाठोडी बांधून संध्याकाळच्या गाडीने परत. म्हणून गुलमंडीचा गर्दीचा काळ दुकानदार ठरवत नव्हते, तो गाड्यांच्या वेळापत्रकाने ठरत होता. सकाळच्या गाड्या लागल्या की पेठ भरे आणि शेवटच्या गाडीची वेळ जवळ आली की मोलभाव आटोपता घेतला जाई. शेतकऱ्याच्या हाती कापसाचे आणि मोसंबीचे पैसे आले की दिवाळीची खरेदीही याच वाटेने होई. उलट दिशेने, गावातील छोटा दुकानदार पेठेतून माल घेऊन तो एस.टी.च्या टपावर टाकून नेई. टपावर चढण्यासाठी गाडीच्या पाठीमागे असलेली लोखंडी शिडी ही त्या काळातल्या ग्रामीण व्यापाराची महत्त्वाची पायरी होती. आज गावोगावी दुकाने झाली, घरात मोटारसायकल आली, कपडे फोनवरून मागवले जातात. तरी बस्त्याची खरेदी पेठेत येऊनच होते आणि त्यातला मोठा भाग अजून बसनेच येतो.

शहर वाढत गेले तसे बसस्थानकाकडे येणाऱ्यांचे प्रकारही वाढले. विद्यापीठ आणि वैद्यकीय महाविद्यालय पन्नाशीच्या दशकात आले. चिकलठाणा आणि स्टेशनजवळची औद्योगिक वसाहत पुढे उभी राहिली. सत्तरीत सिडकोची नवी वस्ती आखली गेली. १९८१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ येथे बसू लागले आणि ८ डिसेंबर १९८२ रोजी महापालिका झाली. १९८५ च्या सुमारास वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला. तटबंदीच्या आतले गाव पूर्वेला जालना रोडने आणि पश्चिमेला वाळूजकडे पसरले. एक स्थानक पुरेनासे झाले आणि जालना रोडवर सिडको बसस्थानक उभे राहिले. जालना, बीड, नांदेडकडून येणारा माणूस आता शहरात शिरण्याआधीच तेथे उतरू शकत होता.

चिकलठाण्याला महामंडळाची मध्यवर्ती कार्यशाळा आहे. दापोडी आणि नागपूरजवळची हिंगणा या दोन कार्यशाळांबरोबर महाराष्ट्राच्या लाल गाड्या येथेही बांधल्या गेल्या. टाटा आणि अशोक लेलँडकडून येई ती केवळ चॅसी : इंजिन, चाके, स्टिअरिंग आणि सांगाडा. छत, खिडक्या, दारे, आसने आणि सामानाची फळी हे सगळे कार्यशाळेत बसे. आरंभीच्या लाकडी बांधणीच्या जागी धातूची बांधणी आली, ॲल्युमिनियमचा पत्रा आला आणि अलीकडे माइल्ड स्टीलची अधिक मजबूत बांधणी आली. उलटल्यावर किंवा धडकल्यावर छत चेपू नये, हा या बदलामागचा मुख्य हेतू. गाडीच्या बांधणीचा प्रश्न कारागिरीचा वाटतो, पण अपघाताच्या क्षणी तो चाळीस-पंचेचाळीस माणसांच्या जिवाचा प्रश्न असतो. जुन्या गाड्यांची नवी बांधणी करून त्या पुन्हा रस्त्यावर पाठवण्याचे कामही या कार्यशाळांत होते. शहरात मोटार उद्योग नावारूपाला येण्याच्या आधीपासून वेल्डिंग, पत्राकाम आणि फिटिंगची जाण असलेले कामगार या कार्यशाळेने घडवले.

लांब पल्ल्यात पुण्याचा मार्ग सर्वांत महत्त्वाचा. मनमाड ते औरंगाबाद ही लाइन नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला ब्रॉड गेज होईपर्यंत मुंबईकडे जाणाऱ्या रेल्वे प्रवाशाला मनमाडला गाडी बदलावी लागे. पुण्याला सरळ जोडणारा रेल्वेमार्ग तर आजही नाही. सुमारे २३५ किलोमीटरचे हे अंतर बसनेच कापायचे. विद्यार्थी, नोकरदार, व्यापारी आणि सुट्टीत माहेरी येणाऱ्या लेकी यांच्या गर्दीने या रस्त्यावरच्या गाड्या भरून वाहिल्या. साध्या लाल गाडीनंतर १९८२ च्या दिल्लीतील आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने नाव मिळालेली ‘एशियाड’ ही निमआराम गाडी आली, मग वातानुकूलित ‘शिवनेरी’ आली. रात्री निघून पहाटे पोहोचवणाऱ्या रातराणीने धंद्याचा दिवस वाचवला.

याच मार्गावर महामंडळाला खरी स्पर्धा भेटली. १९८८ चा मोटार वाहन कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला, कंत्राटी आणि पर्यटन परवाने मिळणे सोपे झाले आणि खासगी ट्रॅव्हल्सचे युग सुरू झाले. पंचवटी चौक आणि बाबा पेट्रोल पंपाच्या परिसरात रात्री पुण्या-मुंबईच्या गाड्यांची रांग लागू लागली. झोपून जाता येते, गाडी नवी असते, पंखा-पडदा-पाणी सगळे मिळते, ही सोय खरीच होती आणि प्रवाशांनी ती घेतली यात त्यांचा दोष नाही. परंतु या चढाओढीचा हिशेब समसमान नव्हता. खासगी गाडी भरेल त्याच मार्गावर आणि त्याच दिवशी धावते. दिवाळीत आणि लग्नसराईत भाडे वाढवते, रिकाम्या दिवसांत फेरी रद्द करते. एस.टी.ला मात्र सोयगावच्या आडगावी पाच प्रवाशांसाठीही वेळेवर जायचे असते. लांब पल्ल्याची कमाई हीच आडवळणाच्या तोट्याची भरपाई होती. ती कमाई वाटली गेली तशी भरपाई आटली. त्यावर साडेसतरा टक्के प्रवासी कर आणि डिझेलचे वाढते भाव. तालुक्यांच्या रस्त्यांवर काळी-पिवळी जीपगाड्या आल्या आणि त्या स्थानकाच्या दारातूनच माणसे उचलू लागल्या. महामंडळाचा तोटा हा अकार्यक्षमतेचा पुरावा म्हणून नेहमी मांडला जातो. कारभारात दोष होते, हे नाकारण्याचे कारण नाही. पण जी फेरी तोट्यात जाणार हे ठाऊक असूनही काढली जाते, तिचा खर्च तोटा म्हणून लिहिणे हीच हिशेबाची चूक आहे. शाळेचा आणि दवाखान्याचा खर्च कोणी तोटा म्हणत नाही.

सवलतींच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट होते. ग्रामीण भागातील शाळकरी मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळतो. मानव विकास कार्यक्रमात राज्यातील १२५ मागास तालुक्यांना मुलींच्या ने-आणीसाठी स्वतंत्र निळ्या गाड्या दिल्या गेल्या, त्यांत मराठवाड्याचे अनेक तालुके आहेत. गावात सातवीपर्यंतच शाळा असते आणि आठवीची शाळा सहा-सात किलोमीटरवर असते, तेव्हा मुलीचे शिक्षण तुटते ते हुशारी कमी पडल्याने नाही, रस्त्याने एकटी कशी पाठवायची या एका प्रश्नाने. त्या प्रश्नाचे उत्तर निळ्या गाडीने दिले. मराठवाड्यात लहान वयात लग्ने होण्याचे प्रमाण मोठे आहे, आणि शाळेत टिकून राहिलेली प्रत्येक मुलगी त्या प्रथेतून काही वर्षे तरी सुटते. बससेवेने केलेल्या कामांत याहून मोठे काम दाखवता येणार नाही.

यात्रांचे काम वेगळे. फाल्गुन वद्य षष्ठीला पैठणला नाथषष्ठी भरते, महाशिवरात्रीला आणि श्रावणी सोमवारी वेरूळला घृष्णेश्वराची गर्दी असते, खुलताबादला उरूस आणि भद्रा मारुतीची यात्रा असते. आषाढीला पंढरपूर तर सगळ्या राज्याचेच. या दिवसांत आगारे आपल्या गाड्या दुसरीकडे पाठवतात, नेहमीच्या काही फेऱ्या थांबवून यात्रेच्या गाड्या काढल्या जातात आणि चालक-वाहक सलग काम करतात. अजिंठ्याला फर्दापूरच्या टी-पॉइंटवर खासगी वाहने थांबवून पुढचे सुमारे चार किलोमीटर बसनेच जावे लागते. धूर आणि गर्दीपासून लेण्यांतील चित्रे वाचावीत म्हणून केलेली ही व्यवस्था महामंडळाच्या गाड्यांवर चालते.

जिल्ह्याच्या बससेवेला १९३२ पासून कोणी ना कोणी धनी मिळत आला : रेल्वे, संस्थान, राज्य, महामंडळ. शहरातील बससेवेचे तसे झाले नाही. बराच काळ एस.टी.च शहर बस चालवत होती. शहागंज, औरंगपुरा, रेल्वे स्टेशन आणि सिडको ही तिची मुख्य ठिकाणे होती. गुलमंडीच्या गल्ल्यांतून मोठी गाडी जात नाही, त्यामुळे पेठेचा प्रवासी औरंगपुऱ्याला उतरून चालत जाई आणि आजही जातो. या शतकाच्या पहिल्या दशकात महापालिकेने ठेकेदारामार्फत शहर बस चालवून पाहिली. तो प्रयोग टिकला नाही आणि सेवा पुन्हा एस.टी.कडे आली. १९९१ मध्ये पावणेसहा लाखांच्या घरात असलेली लोकसंख्या २००१ मध्ये पावणेनऊ लाखांच्या आसपास आणि २०११ मध्ये पावणेबारा लाखांवर गेली, पण गाड्या त्या मानाने वाढल्या नाहीत. मधली जागा रिक्षांनी भरली. जालना रोडवर शेअर रिक्षा हेच शहराचे सार्वजनिक वाहन झाले, आणि वाळूजच्या कामगाराने कर्ज काढून दुचाकी घेतली.

स्मार्ट सिटी योजनेतून या प्रश्नाला नव्याने हात घातला गेला. डिसेंबर २०१८ मध्ये उद्घाटन होऊन जानेवारी २०१९ पासून ‘माझी स्मार्ट बस’ धावू लागली. योजना शंभर गाड्यांची होती. गाड्या स्मार्ट सिटी कंपनीच्या आणि चालक-वाहक एस.टी.चे अशी विभागणी झाली. या सेवेने थांब्यांना, वेळापत्रकाला आणि शहर बसच्या नावाला पुन्हा अर्थ दिला. तिची मर्यादा आकड्यांत दिसते. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाच्या मानकानुसार उत्तम सेवेसाठी दर लाख लोकसंख्येमागे ६० बस हव्यात आणि २० पेक्षा कमी असणे ही सर्वांत खालची पायरी आहे. शंभर गाड्या २०११ च्या लोकसंख्येने भागल्या तर दर लाखामागे नऊही होत नाहीत. बस थांब्यावर किती वेळाने येते यावर लोक तिच्याकडे वळतात की नाही हे ठरते. गाड्या थोड्या असल्या की फेऱ्यांत अंतर पडते, अंतर पडले की माणूस रिक्षाला हात करतो, आणि मग बस रिकामी जाते म्हणून फेरी कमी होते. शहर बस बराच काळ या चक्रात अडकली आहे, आणि ते तोडण्यासाठी गाड्या वाढवण्याखेरीज दुसरा मार्ग नाही.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी आली आणि मराठवाड्यातील प्रवासी बस एकाच वेळी सगळीकडे थांबली. बस नसल्याचा अर्थ काय, हे त्या उन्हाळ्यात देशाने पाहिले. जालन्याहून गावी जाण्यासाठी रुळांच्या कडेने चालत निघालेले सोळा मजूर ८ मे २०२० रोजी पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली मरण पावले. त्याच महिन्यात एस.टी.ने मजुरांना राज्याच्या सीमेपर्यंत मोफत नेण्यास सुरुवात केली. संसर्गाच्या भीतीत हे काम करणाऱ्या चालक-वाहकांपैकी काहींनी त्यात प्राण गमावले.

त्या धक्क्यातून सेवा सावरते न सावरते तोच २०२१ च्या ऑक्टोबरअखेर कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला. महामंडळाचे राज्य शासनात विलीनीकरण करावे, ही मुख्य मागणी होती. वेतन वेळेवर न होणे आणि कर्जबाजारीपणा यांनी कर्मचारी पिचले होते. संप एप्रिल २०२२ पर्यंत लांबला. एवढा प्रदीर्घ संप या संस्थेने पूर्वी पाहिला नव्हता. खेड्यांतील मुक्कामी गाड्या महिनोन्‌महिने आल्या नाहीत, शाळा उघडल्या तरी मुली पोहोचू शकल्या नाहीत, आणि शहरात एस.टी.च्या चालकांवर अवलंबून असलेली स्मार्ट बसही थांबली. त्यानंतर स्मार्ट बससाठी माजी सैनिकांमधून चालक-वाहक घेण्यात आले.

संपानंतरचे बदल वेगाने झाले. १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर या जुन्या पहिल्याच मार्गावर विजेवर चालणारी ‘शिवाई’ सुरू झाली, आणि पुढे ती छत्रपती संभाजीनगर (औरंगाबादचे आजचे नाव)–पुणे मार्गावरही धावू लागली. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्या ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना तिकिटात निम्मी सवलत लागू झाली. या सवलतीने गाड्यांतील चित्र बदलले. दवाखाना, माहेर, बाजार, बचत गटाची बैठक यांसाठी घरातल्या पुरुषाच्या मोटारसायकलची वाट पाहणाऱ्या बाया स्वतः निघू लागल्या. समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये खुला झाला आणि शहराजवळून जाणाऱ्या या रस्त्याने नागपूरचा बसप्रवास काही तासांनी कमी केला. महामंडळाच्या साऱ्या राज्यातील गाड्या साथीपूर्वी अठरा हजारांच्या आसपास होत्या, आज त्या कमी आहेत आणि त्यांतील बऱ्याच वयाने जुन्या आहेत. नव्या गाड्यांची खरेदी आणि विजेच्या गाड्यांसाठी आगारांत चार्जिंगची सोय ही दोन कामे मराठवाड्याच्या विभागांपुढे सध्या आहेत.